थॅडियस स्टीव्हन्स : १८२१चे वकीलपत्र आणि १८६५चा हजेरीपट

सप्रेम नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ युनायटेड स्टेट्समधील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांच्यापैकी एका राजकारणी माणसावर आपण लेख लिहीत आहात. त्यासाठी आपण पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स यांची निवड केलीत आणि वाचता वाचता १८२१ सालच्या एका खटल्यापाशी अडलात, कारण त्या खटल्यात हेच स्टीव्हन्स गुलामाच्या मालकाचे वकील होते. हा माणूस ढोंगी होता का, की पुढे त्याचे मतपरिवर्तन झाले, आणि मुक्त झालेल्यांना जमीन देण्याची त्याची योजना बारगळली म्हणून त्याला अपयशी म्हणावे का, असे आपण विचारले आहे.

मी सत्तावीस वर्षे महाविद्यालयात अमेरिकेचा इतिहास शिकवला आणि या कालखंडावरचे बरेच प्रबंध तपासले. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपल्या प्रश्नात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. पहिला प्रश्न माणसाच्या मनाचा आहे आणि दुसरा त्याच्या कामाचा. पहिल्याचे उत्तर कागदपत्रांत जेवढे सापडते तेवढेच द्यावे लागते, तर दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते. उत्तराचा रोख कोणता ठेवायचा हे आपला लेख कोणासाठी आहे यावरही अवलंबून आहे. स्मरणिकेतल्या चार पानी लेखात आणि पदवीच्या निबंधात एकाच घटनेला सारखी जागा मिळणार नाही. पण १८२१चा खटला दोन्हींतून वगळता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

विद्यार्थ्यांना मी वहीत तीन रकाने आखायला सांगत असे. पहिल्यात तो राजकारणी काय बोलला ते, दुसऱ्यात त्याने मत कशाला दिले किंवा सही कशावर केली ते, आणि तिसऱ्यात त्या मताची त्याला काय किंमत मोजावी लागली ते लिहायचे. पहिला रकाना भराभर भरतो आणि बहुतेक चरित्रे त्याच्यावरच उभी असतात. माझा भर मात्र नेहमी तिसऱ्या रकान्यावर राहिला आहे. स्टीव्हन्स यांचे आयुष्य या रकान्यांत मांडून पाहिले की १८२१चे कोडे पुरते सुटत नाही, पण ते नेमके कशाचे कोडे आहे हे स्पष्ट होते.

सुरुवातीची वर्षे लवकर सांगण्यासारखी आहेत. स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. एक पाऊल जन्मतःच वाकडे होते. वडील घर सोडून गेले आणि आईने कष्टाने चार मुलगे वाढवले. १८१४ मध्ये डार्टमथ कॉलेजची पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियात शिक्षकी करू लागले, कायदा शिकले आणि १८१६ मध्ये गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली. हे गाव मेरीलँडच्या सीमेला लागून आहे, आणि मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. पुढची हकीकत समजण्यासाठी ही सीमा ध्यानात ठेवावी लागते.

पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच क्रमाक्रमाने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला होता. त्यानुसार बाहेरच्या मालकाने आपला गुलाम राज्यात आणून सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला, तर तो गुलाम स्वतंत्र होई. चॅरिटी बटलर ही मेरीलँडमधील गुलाम स्त्री होती. तिला लहानपणी अनेकदा पेनसिल्व्हेनियात आणले गेले होते, मात्र प्रत्येक वेळचा मुक्काम थोडा होता. हे सगळे मुक्काम एकत्र मोजले तर सहा महिने भरतात, म्हणून ती आणि तिची दोन मुले स्वतंत्र आहेत, असा तिच्या बाजूचा दावा होता. स्टीव्हन्स यांनी मालकाचे वकीलपत्र घेतले. कायद्यातील सहा महिने सलग असले पाहिजेत आणि तुटक मुक्कामांची बेरीज करता येत नाही, हे म्हणणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकले. चॅरिटी आणि तिची मुले गुलामगिरीतच राहिली.

याचे समर्थन मी कधीही केलेले नाही आणि आपणही करू नये. ‘वकिलाचा धंदाच तसा’ ही सबब काही चरित्रांत दिसते, पण तिने एका आईच्या आयुष्यात काही फरक पडत नाही. त्याचबरोबर आपल्या तीन रकान्यांत १८२१च्या शेजारी १८२३ची नोंदही करावी लागते. त्या वर्षीच्या ४ जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, गेटिसबर्गच्या समारंभात स्टीव्हन्स यांनी अशी इच्छा जाहीर केली की देशाचा पुढचा अध्यक्ष असा असावा, ज्याने कोणाही माणसाच्या पायात कधी बेडी ठोकलेली नाही. तोपर्यंतच्या पाच अध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे गुलाममालक होते आणि गेटिसबर्गचे कितीतरी अशील सीमेपलीकडचे होते. म्हणजे हे नुसते गोड बोलणे नव्हते. या दोन वर्षांत त्यांच्या मनात काय घडले याची दिनांकवार कथा रचण्याचा मोह आवरावा. एवढे मात्र खात्रीने म्हणता येते की चॅरिटीच्या खटल्यानंतर पळून आलेल्या गुलामांची वकिलपत्रे त्यांनी घेतली, बहुधा फी न घेता, आणि हा क्रम वकिली सोडेपर्यंत चालला.

माझे स्वतःचे अनुमान असे आहे, आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. ज्या माणसाने कायद्याचे शब्द किती बारकाईने वापरून एका कुटुंबाला गुलामीत ठेवता येते हे स्वतः करून पाहिले, तो पुढे सदिच्छेवर विसंबून राहिला नाही. त्याने शब्दच बदलण्याचा ध्यास घेतला. स्टीव्हन्स यांच्या पुढच्या सगळ्या मोठ्या कामांत कोणते कलम, कोणती मुदत, कोणाचे नाव यादीत आहे आणि कोणाचे नाही, हाच मुद्दा मध्यभागी दिसतो.

१८३३ मध्ये ते फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेच्या विरोधात निघालेल्या पक्षातर्फे पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून आले. १८३४ मध्ये राज्याने मोफत शाळांचा कायदा केला, आणि शाळेच्या करावरून एवढा गदारोळ उठला की दुसऱ्याच वर्षी सिनेटने तो रद्द करण्याचे विधेयक मंजूर केले. कनिष्ठ सभागृहही तिकडेच झुकले होते. एप्रिल १८३५ मध्ये स्टीव्हन्स बोलायला उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद अगदी साधा होता. कष्टाळू आणि सधन शेतकरी फौजदारी न्यायालये, तुरुंग आणि शेरीफ यांच्यासाठी कर भरतो. त्याला स्वतःला त्यांचा उपयोग कधीच होत नाही, तरीही त्याची तक्रार नसते, मग गुन्हा घडूच नये म्हणून लागणाऱ्या शाळेच्या कराबद्दलच तक्रार का? सभागृहाचे मत फिरले आणि शाळा वाचल्या. त्यांच्या स्वतःच्या मतदारांचाही या कराला विरोध होता, म्हणून ही नोंद तिसऱ्या रकान्यातही जाते.

१८३७-३८ मध्ये राज्याच्या घटनेची फेररचना करणाऱ्या परिषदेवर ते होते. नव्या घटनेने मताधिकार फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, म्हणून स्टीव्हन्स यांनी त्या मसुद्यावर सही करण्यास नकार दिला. आपल्या लेखात ही घटना दोन ओळींत न आटोपता सविस्तर द्यावी. उत्तर आणि दक्षिणेतील राज्यांमधले यादवी युद्ध अजून तेवीस वर्षे दूर होते आणि उत्तरेतही कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या बाजूने बोलणाऱ्या राजकारण्याला काही लाभ नव्हता.

त्याच वर्षीची एक हकीकत बहुतेक लेखक गंमत म्हणून सांगतात. मला ती फार महत्त्वाची वाटते. १८३८च्या निवडणुकीत फिलाडेल्फियातील काही जागांचे दोन-दोन निकाल पाठवले गेले आणि राज्य सचिवाने स्टीव्हन्स यांच्या बाजूला अनुकूल असलेली यादी ग्राह्य धरली. ४ डिसेंबर १८३८ रोजी राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्ग येथे, विधिमंडळ भरले तेव्हा एकाच सभागृहात दोन सभापती निवडले गेले, जमाव आत घुसला आणि स्टीव्हन्स यांना सिनेटच्या दालनाच्या खिडकीतून उडी मारून निघून जावे लागले. गव्हर्नरने बोलावलेल्या सैनिकांना छर्‍यांची काडतुसे दिली गेली, म्हणून या प्रकाराला छर्‍यांची लढाई असे नाव पडले. अखेरीस विरोधी पक्षाचीच सरशी झाली. या प्रकरणात स्टीव्हन्स यांची बाजू न्यायाची होती असे म्हणता येणार नाही, कारण त्यांना सत्ता टिकवायची होती. पण ज्याच्या हातात यादी, त्याच्या हातात सभागृह, आणि पाठीशी बहुमत नसेल तर यादीही टिकत नाही, हे दोन्ही धडे त्यांना तिथे मिळाले.

१८४२ मध्ये कर्जाने गांजलेले स्टीव्हन्स गेटिसबर्ग सोडून लँकेस्टरला आले. लोखंडाच्या कारखान्यात घातलेले पैसे अंगाशी आले होते आणि वकिलीची जास्त कमाई लँकेस्टरला होती. १८४८ मध्ये ते व्हिग या तेव्हाच्या एका मोठ्या पक्षातर्फे काँग्रेसवर, म्हणजे देशाच्या संसदेवर, निवडून गेले आणि पळून आलेल्या गुलामांना मालकांकडे परत पाठवणाऱ्या १८५०च्या फरारी गुलाम कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. ११ सप्टेंबर १८५१ रोजी लँकेस्टरजवळच्या क्रिस्टियाना येथे आपले गुलाम परत न्यायला आलेला मेरीलँडचा एक मालक प्रतिकारात मारला गेला आणि तीसहून अधिक लोकांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. पहिला खटला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर फिलाडेल्फियात चालला आणि बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्युरीने सुमारे पंधरा मिनिटांत त्याला निर्दोष ठरवले. याची किंमत मात्र त्यांना चुकवावी लागली. १८५२ मध्ये पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही आणि १८५८ मध्ये रिपब्लिकन म्हणून निवडून येईपर्यंत ते काँग्रेसबाहेर राहिले. १८२१ आणि १८५१ हे दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत. राज्य तेच, सीमा तीच आणि वकीलही तोच, पण तो आता समोरच्या बाजूला उभा आहे.

युद्धकाळातील त्यांच्या अर्थविषयक कामावर आपल्या लेखात एक परिच्छेद पुरे. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, करविषयक समितीचे अध्यक्ष या नात्याने १८६१ ते १८६५ या काळात सैन्याचा खर्च भागवणारे कर, कर्जे आणि १८६२चे कागदी चलन यांची विधेयके त्यांच्या हाताखालून गेली. त्यांचा लोखंडाचा कारखाना जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने जाळून टाकला. त्यावर त्यांनी पत्रात असे लिहिले की गुलामगिरीचा मागमूस न उरता देश पुन्हा एक होणार असेल, तर हा सौदा स्वस्तात पडला असेच मी समजेन.

आता ४ डिसेंबर १८६५ या दिवसाकडे येऊ. हॅरिसबर्गच्या त्या खिडकीनंतर बरोबर सत्तावीस वर्षांनी तीच तारीख आली होती. युद्ध संपले होते, लिंकन यांची हत्या झाली होती आणि नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतील राज्यांना सवलतीच्या अटींवर सरकारे स्थापन करू दिली होती. त्या सरकारांनी मुक्त झालेल्या लोकांना मजुरीला जखडणारे कायदे केले आणि निवडून पाठवलेल्यांत कालपर्यंत बंडखोरांच्या बाजूला असलेले अनेक जण होते. नव्या काँग्रेसच्या पहिल्या दिवशी सभापती निवडण्याआधी सभासदांची हजेरी घेण्याचे काम प्रतिनिधिगृहाच्या कारकुनाचे असते. हे कारकून होते एडवर्ड मॅकफर्सन, मूळचे गेटिसबर्गचे आणि स्टीव्हन्स यांच्या तालमीत तयार झालेले. त्यांनी नावे वाचायला सुरुवात केली आणि दक्षिणेतील राज्यांची नावे वगळून पुढे गेले. टेनेसीचे होरेस मेनार्ड उभे राहिले. ते संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले गृहस्थ होते, त्यामुळे त्यांना थांबवणे सर्वांत अवघड होते. मॅकफर्सन यांनी हजेरी चालू असताना कोणालाही बोलू देण्यास नकार दिला. विरोधी बाजूने असा आक्षेप घेतला की टेनेसी संघराज्यात नसेल तर टेनेसीचेच असलेले अध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष कसे? आक्षेप बिनतोड होता, पण हजेरीपटावर नाव आले नाही ते नाहीच आले. त्यानंतर त्याच दिवशी स्टीव्हन्स यांनी पंधरा जणांच्या संयुक्त समितीचा ठराव मांडला आणि दक्षिणेला केव्हा व कोणत्या अटींवर परत घ्यायचे हा निर्णय अध्यक्षांच्या हातून काँग्रेसकडे आला. १८३८ मध्ये यादी होती पण बहुमत नव्हते, या वेळी मात्र दोन्ही होते.

या घाईमागचे कारण वाचकांना नीट समजावून सांगावे. जुन्या घटनेप्रमाणे प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश होत असे. जानेवारी १८६५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर केलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली आणि त्याबरोबर हा तीन-पंचमांशाचा हिशेबही गेला. आता ती माणसे पूर्ण मोजली जाणार होती, पण त्यांना मत नव्हते. म्हणजे युद्ध हरलेल्या मळेवाल्यांच्या वाट्याला काँग्रेसमध्ये पूर्वीपेक्षा जास्त जागा येणार होत्या. जे राज्य पुरुषांना मत नाकारील त्याच्या जागा त्या प्रमाणात कमी व्हाव्यात, हे चौदाव्या घटनादुरुस्तीतील प्रतिनिधित्वाचे कलम या गणितातून आले आहे. स्टीव्हन्स यांना ती दुरुस्ती अपुरी वाटत होती, कारण तिच्यात थेट मताधिकार नव्हता. १३ जून १८६६ रोजी अंतिम मतदानापूर्वी त्यांनी ही निराशा उघड बोलून दाखवली आणि तरीही आपण ती स्वीकारतो, कारण आपण देवदूतांमध्ये नव्हे तर माणसांमध्ये राहतो, असे सांगितले.

जमिनीच्या योजनेबद्दल आपण विशेष विचारले आहे. ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या भाषणात त्यांनी हिशेब मांडला होता. दक्षिणेतील सुमारे ७०,००० बड्या जमीनदारांकडे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे, ती जप्त करावी. मुक्त झालेल्या सुमारे दहा लाख प्रौढ पुरुषांना प्रत्येकी ४० एकर द्यावी, म्हणजे चार कोटी एकर जातील. उरलेली जमीन विकून सैनिकांचे निवृत्तिवेतन, एकनिष्ठ नागरिकांची नुकसानभरपाई आणि राष्ट्रीय कर्ज फेडावे. फेब्रुवारी १८६६ मध्ये जप्त जमिनी मुक्त झालेल्यांना देण्याची त्यांची सूचना १२६ विरुद्ध ३७ मतांनी फेटाळली गेली. मार्च १८६७ मध्ये त्यांनी पुन्हा विधेयक आणले, तेही पुढे सरकले नाही. विरोध करणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे बहुसंख्य सभासद होते. मताधिकार देणे त्यांना मान्य होते, पण खाजगी मालमत्तेला हात लावण्याचा पायंडा एकदा पडला की तो उत्तरेतील कारखान्यांपर्यंत येईल, ही भीती मोठी होती.

हे अपयश होते, आणि ते तसेच लिहावे. मात्र ते कोणाचे अपयश होते हे लिहिताना मतांची आकडेवारी सोबत द्यावी, म्हणजे वाचकाला स्वतः ठरवता येईल. ज्यांना मत मिळाले पण जमीन मिळाली नाही, ते पुढे वाटेकरी शेतीत आणि कर्जात अडकले आणि काही दशकांत त्यांचे मतही हिरावले गेले. मत आणि जमीन यांचा संबंध स्टीव्हन्स यांनी १८६५ मध्येच ओळखला होता.

अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील महाभियोगाला उगाच जास्त जागा देऊ नये. २४ फेब्रुवारी १८६८ रोजी प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. स्टीव्हन्स तोवर इतके खंगले होते की त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणावे लागे. आपले भाषण पूर्ण करण्याचीही ताकद राहिली नव्हती, म्हणून उरलेला भाग सहकाऱ्याने वाचून दाखवला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ असे मतदान झाले आणि दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडले. जुलैमध्ये चौदावी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि ११ ऑगस्ट १८६८ रोजी ते वारले. त्या वेळी जवळ असलेल्यांत लिडिया हॅमिल्टन स्मिथ होत्या. मिश्रवंशीय असलेल्या या विधवा बाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ त्यांचे घर सांभाळले होते. दोघांच्या नात्याविषयी तेव्हाही कुजबूज होती आणि आजही लिहिले जाते. कागदावर जे आहे ते असे, की ते त्यांना ‘मिसेस स्मिथ’ म्हणून हाक मारत, मृत्युपत्रात त्यांची तरतूद केली, आणि पुढे लँकेस्टरचे घर लिडियाबाईंनी विकत घेतले.

लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमींच्या नियमांत फक्त गोऱ्यांना जागा होती, म्हणून स्टीव्हन्स यांनी सर्वांना खुली असलेली एक लहानशी जागा निवडली. आपण एकांताच्या आवडीने इथे विसावलो नसून, इतर दफनभूमी वंशाच्या नियमांनी मर्यादित आढळल्या म्हणून, निर्मात्यापुढे सर्व माणसे समान आहेत हे आयुष्यभर मांडलेले तत्त्व मृत्यूतही दाखवावे यासाठी ही जागा निवडली आहे, असा मजकूर त्यांनी दगडावर कोरायला सांगितला होता. आमच्या तिसऱ्या रकान्यातील ही शेवटची नोंद.

एक सावधगिरीची सूचना. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या पुष्कळ पुस्तकांत स्टीव्हन्स हे सूडाने पेटलेले, लंगडे, कडवट म्हातारे म्हणून रंगवले आहेत आणि १९१५च्या एका गाजलेल्या मूकपटातील खलपात्र त्यांच्यावरूनच बेतले होते. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी या प्रतिमेला सविस्तर उत्तर दिले आणि १९५०नंतरच्या संशोधनाने बाजू पुष्कळ बदलली. म्हणून एखादे वाक्य उद्धृत करताना ते कोणत्या दशकातील पुस्तकातून आले आहे ते आधी पाहावे. उलट बाजूने, अलीकडच्या काही लेखनात १८२१चा खटला एका ओळीत उरकलेला दिसतो, तेही टाळावे.

थोडक्यात, ढोंगी हा शब्द मी वापरणार नाही, कारण १८२३नंतर पंचेचाळीस वर्षे तिसरा रकाना एकाच दिशेने भरत जातो. मतपरिवर्तन हा शब्द वापरायचा असेल तर ‘बहुधा’ जोडून वापरावा. अपयशी हा शब्द फक्त जमिनीच्या योजनेपुरता ठेवावा, कारण तेरावी आणि चौदावी घटनादुरुस्ती आजही अमेरिकेच्या घटनेत आहे.

लेख कुठून सुरू करावा असेही आपण शेवटी विचारले आहे. मी असतो तर ४ डिसेंबर १८६५च्या हजेरीने सुरुवात केली असती, तिथून मागे १८३८च्या खिडकीपाशी आणि मग १८२१कडे गेलो असतो. त्या परिच्छेदात ‘एका गुलाम स्त्रीचा खटला’ असे मोघम न लिहिता चॅरिटी बटलर हे नाव पूर्ण लिहावे आणि तिच्या मुलांचाही उल्लेख करावा. निकाल तिच्या विरुद्ध का गेला, म्हणजे सहा महिने सलग की तुटक, हा मुद्दाही दोन वाक्यांत समजावून सांगावा. मसुदा तयार झाल्यावर पाठवलात तर मी आनंदाने वाचेन.